गाडी उंबऱ्यापाशी पारखावी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. वडिलांचे सांगलीत गॅरेज होते आणि त्यात बहुतेक अ‍ॅम्बॅसेडर यायच्या. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पाने धरून उभा असे. इथे आल्यापासून एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने मनात घर केले आहे. बारा हजार पौंड बाजूला ठेवले आहेत आणि दोन गाड्या हेरल्या आहेत. एक १९७१ ची, उघड्या छपराची, नुकतीच लाल रंगवलेली, साडेनऊ हजारांची. दुसरी १९७३ ची जीटी, म्हणजे पत्र्याच्या छपराची. तिचा रंग विटलेला, सीट उसवलेली, पण मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल आहे आणि किंमत सहा हजार आठशे आहे. आमच्या घराला बंद गॅरेज नाही, समोर गाडी लावण्यापुरती जागा आहे. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. पत्नीचे म्हणणे असे की हे पैसे गंजात जातील. कोणती गाडी घ्यावी, घेताना काय तपासावे आणि ती नीट कशी सांभाळावी?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर मांडतो. आपण जीटी पाहायला जावे, तिच्या दाराखालचा उंबरा शाबूत निघाला तर तीच घ्यावी, आणि लाल गाडीचा मालक ती जॅकवर चढवू देत नसेल तर तिच्यासाठी दुसरी फेरी मारू नये.

उंबरा म्हणजे दोन्ही दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. इंग्लंडमधले गॅरेजवाले तिला सिल म्हणतात. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० च्या ऑक्टोबरात अ‍ॅबिंग्डन गावातला तिचा कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा भार पेलत असे. एमजीबीला अशी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आणि त्या सांगाड्याचा सर्वांत मोठा भार या दोन उंबऱ्यांवर आहे. उघड्या गाडीला तर वर छप्परही नसते, त्यामुळे पुढची चाके आणि मागची चाके एका रेषेत धरून ठेवण्याचे जवळजवळ सगळे काम उंबरेच करतात.

आता हा उंबरा सडतो कसा, हे नीट समजून घ्यावे, कारण आपला सगळा व्यवहार यावर ठरणार आहे. त्यात पत्र्याचे तीन थर असतात: बाहेरचा दिसणारा, आतला केबिनच्या बाजूचा, आणि या दोघांच्या मधोमध उभा असलेला तिसरा. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल पुढच्या मडगार्डच्या आत मागच्या बाजूला साचतो, तिथे महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून टाकलेले मीठ त्या चिखलात मिसळते. गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत मधला थर बहुधा गेलेला असतो. योग्य दुरुस्ती करायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण उंबऱ्याची टोके त्यांच्या आत शिरलेली असतात, आणि हे काम करताना बॉडी वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आधाराच्या सळ्या वेल्ड करून ठेवाव्या लागतात. दोन्ही बाजूंचे हे काम चांगल्या कारागिराकडून करून घेतले तर काही हजार पौंड सहज जातात. म्हणूनच कित्येक जण सडलेल्या उंबऱ्यावर बाहेरून नवा पत्रा चिकटवतात, फटी पुट्टीने बुजवतात आणि वरून ताजा रंग मारून गाडी विकायला काढतात.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. माझी पहिली एमजीबी अशीच ताज्या हिरव्या रंगाची, उघडी होती, आणि ती मी एका रविवारी दुपारी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, गाडीभर पाण्याचे थेंब चमकत असताना घेतली. पुढच्या वसंतात ती धुताना डाव्या दाराखालचा रंग पापडासारखा फुगलेला दिसला. मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो खरवडला, तेव्हा टोक न अडखळता आत गेले आणि बाहेर आले ते तांबूस भुगा आणि तारेच्या जाळीचा तुकडा घेऊन. त्या जाळीवर पुट्टी लिंपून उंबऱ्याला आकार दिलेला होता. गाडीचे इंजिन उत्तम होते, पण त्याचा मला काहीच उपयोग झाला नाही.

त्यामुळे लाल गाडीचा नवा रंग ही मी तिची जमेची बाजू धरत नाही. रंगाआधी काय केले याची छायाचित्रे मालकाकडे असतील, म्हणजे कापलेली मडगार्डे, उघडा उंबरा आणि आतला नवा थर त्यांत दिसत असेल, तर साडेनऊ हजार ही रास्त मागणी असू शकते. छायाचित्रे नसतील तर त्या रंगाखाली काय आहे हे मालकालाही ठाऊक नसेल, आणि त्या अज्ञानाची किंमत आपण देऊ नये. उलट जीटीच्या विटलेल्या रंगाने काहीही झाकलेले नाही, आणि ती जाड फाइल म्हणजे तिच्या आयुष्याची बखर आहे. फाइलमध्ये वेल्डिंगची बिले शोधावीत. कोणत्या वर्षी, कोणत्या बाजूला, किती तास काम झाले हे त्यांवर असते. शिवाय गाडीच्या नंबरावरून २००५ नंतरच्या वार्षिक तपासणीच्या, म्हणजे एमओटीच्या, नोंदी सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. गंजाबद्दलचे शेरे त्यांत वर्षवार असतात, मैलांचा आकडाही असतो. मात्र २०१८ च्या मे महिन्यापासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही, त्यामुळे त्यानंतरच्या नोंदी नसल्या तर लगेच संशय घेऊ नये.

पाहायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगावे की इंजिन आपण पोहोचेपर्यंत थंड ठेवावे. सोबत टॉर्च, जुने कपडे, लहान लोहचुंबक आणि पातळ कापडाचा तुकडा न्यावा. कापडात गुंडाळलेला चुंबक उंबऱ्यावरून आणि मडगार्डच्या खालच्या हातभर भागावरून सावकाश फिरवावा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग दार बंद करून त्याच्या भोवतालची फट पाहावी. ती वर आणि खाली सारखी असावी. वर अरुंद आणि खाली रुंद होत गेली तर गाडी मधून खचली आहे. यानंतर मालकाच्या परवानगीने जॅकची परीक्षा करावी. पुढची बाजू जमिनीपासून वर उचलावी, गाडी घट्ट टेकूंवर ठेवावी आणि मग दार उघडून बंद करून पाहावे. दार पूर्वीइतक्याच सहजपणे मिटले तर सांगाडा ताठ आहे. ते घासू लागले किंवा अडले तर तिथूनच निरोप घ्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये, हे गॅरेजवाल्याच्या मुलाला सांगण्याची गरज नसेल, तरीही सांगतो.

केबिनमधले गालिचे उचलून पायाखालचा पत्रा पाहावा, आणि सीटांच्या मागचे झाकण काढून बॅटरीच्या पेट्या पाहाव्यात. १९७४ पर्यंतच्या एमजीबीमध्ये ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मागच्या एक्सलच्या पुढे दोन पेट्यांत बसवलेल्या असत. आम्ल आणि रस्त्यावरचे पाणी दोन्ही बाजूंनी खाल्ल्याने त्या पेट्या फार लवकर जातात. पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली असते आणि तिचा वरचा, न दिसणारा भाग आधी गंजतो, म्हणून डिकी उघडून नीट वास घ्यावा.

इंजिनाबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण ते आपल्या घरातले आहे. आपल्या वडिलांनी आयुष्यभर खोलले ते अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी-सीरीज घराण्यातले होते. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातला थोरला भाऊ आहे. बॉनेट उघडल्यावर आपल्याला परके असे काही वाटणार नाही. १९७३ च्या गाडीत क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पाच बेअरिंगे आहेत, जी १९६४ पूर्वीच्या गाड्यांत तीनच होती. गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रो आहे, म्हणजे तो खडखड न होता पडतो. आणि डायनॅमोऐवजी आल्टरनेटर आहे. थंड इंजिन चालू करून ते पूर्ण तापू द्यावे, पाच-दहा मैल चालवावे आणि मग ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. धावताना तो ५० पीएसआयच्या आसपास किंवा वर आणि तापलेल्या इंजिनाच्या आयडलला १५ च्या वर असला तर मी समाधानी असेन. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे उतरवणारा जादा गिअर, असेल तर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० मैलांवर तो घालून पाहावा; इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरले पाहिजेत. तो असला तर मोटरवेचा प्रवास सुखाचा होतो, आणि त्यासाठी मी दोन-तीनशे पौंड जास्त द्यायला तयार होईन. तारांची चाके असतील तर पुढे-मागे हलक्या हाताने गाडी सोडताना मागून "टक" असा आवाज येतो का ते ऐकावे, कारण चाकाच्या हबवरच्या झिजलेल्या दात्यांचा तो आवाज असू शकतो.

आपण दोनपैकी एकच निवडायला सांगितले असते आणि दोन्हींचे उंबरे सारखेच मजबूत असते, तरी मी आपल्याला जीटीच सुचवली असती. १९६५ मध्ये आलेल्या या गाडीच्या छपराच्या आखणीत इटलीच्या पिनिनफारिना यांचा हात होता. पण मला त्या देखणेपणापेक्षा ते छप्पर इंग्लंडच्या पावसात डोक्यावर असते याचे जास्त मोल वाटते. बंद गॅरेज नसलेल्या घरी कापडी हूडची गाडी ठेवणे म्हणजे दर पावसानंतर गालिचे वाळवणे. जीटीच्या मागे लहानसे बाक आहे, त्यावर आपली मुलगी आणखी काही वर्षे बसू शकेल. मात्र तिथे पट्टे बसवल्याखेरीज तिला बसवू नये. उघड्या गाड्यांना मागणी अधिक असल्याने त्याच पैशांत जीटी बहुधा चांगल्या स्थितीतली मिळते, आणि आपल्यापुढच्या दोन गाड्यांचीही तीच गोष्ट आहे.

आपल्या पत्नीची शंका मी बाजूला सारणार नाही. चुकीची गाडी घेतली तर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते, आणि माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत ते ठरले. म्हणून बारा हजारांतले सगळे गाडीवर घालू नयेत. जीटी सहा हजार आठशेला मिळाली तर पाच हजार दोनशे उरतात. त्यांतले दोन हजार पहिल्याच वर्षी टायर, ब्रेक, रबरी नळ्या आणि सीटची शिवण यांत जातील असे धरून चालावे आणि बाकीचे हातही न लावता ठेवावेत. चालू खर्च मात्र त्यांना वाटतो तितका नाही. ४० वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवली की रस्त्याचा कर लागत नाही, आणि विमाही वर्षाकाठी ठराविक मैलांच्या अटीवर बेताचा मिळतो. विमा घेताना किंमत आधी ठरवून लिहून घ्यावी, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुन्या गाडीचा भाव तिच्या वयावरून लावते. एमओटी सक्तीची नसली तरी मी दरवर्षी करून घेतो. आपल्या नजरेतून सुटलेला ब्रेकचा पाइप परक्या माणसाच्या नजरेत येतो, आणि गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी सवलतीमुळे संपत नाही.

सुट्या भागांची चिंता करू नये. या गाडीचे बहुतेक भाग आजही नवे मिळतात, इतकेच काय, जुन्या साच्यांवरून काढलेली आख्खी नवी बॉडी १९८८ पासून मिळते. पहिली जुनी ब्रिटिश गाडी म्हणून एमजीबीच घ्यावी असे मी म्हणतो त्यामागे हेच मोठे कारण आहे. अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कार क्लबचे सदस्यत्व घ्यावे. लेस्टरच्या आसपास आपल्याला अशी माणसे भेटतील जी एक रविवार आपल्या गाडीखाली आडवी होऊन घालवतील आणि चहाखेरीज काही घेणार नाहीत.

आता सांभाळण्याविषयी. पेट्रोल भरताना इथल्या पंपांवरच्या साध्या, १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपासून दूर राहावे आणि ५ टक्क्यांपर्यंतचे महागडे सुपर पेट्रोल घ्यावे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि भेगा पाडते, म्हणून गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या प्रकारच्या बसवून घ्याव्यात. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला तरी काय होते ते आपण जाणता. पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांची, झीज रोखत असे. शिसेयुक्त पेट्रोल इथे १९९९ अखेर बंद झाले, तेव्हा फाइलमध्ये सिलिंडर हेडला कडक केलेल्या व्हॉल्व्ह सीट बसवल्याचे बिल शोधावे. ते नसेल तर टाकीत घालायचे पर्यायी द्रव्य वापरावे आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधली, फट वारंवार तपासावी, कारण सीट झिजली की ती फट कमी होत जाते.

ऑइल २०डब्ल्यू-५० प्रतीचे, जस्तयुक्त, जुन्या इंजिनांसाठीच बनवलेले घालावे. कॅमवर टॅपेट घासत चालणाऱ्या या इंजिनाला नव्या गाड्यांचे पातळ ऑइल पुरत नाही. दर ३००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, ते बदलावे. त्याच वेळी किंगपिनला, म्हणजे पुढची चाके ज्यावर वळतात त्या खिळीला, ग्रीस मारावे, आणि ते चाकांवरचा भार काढून मारावे म्हणजे ग्रीस सगळीकडे पोहोचते. ही जागा लोक विसरतात, आणि मग स्टिअरिंग जड झाले की टायरमध्ये हवा कमी आहे असे समजून ते भरत बसतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. टायरच्या कडेवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. दहा वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाकावा. सिग्नलला क्लच दाबून उभे राहू नये, न्यूट्रल करावे. या गाडीचे क्लच बेअरिंग कार्बनचे आहे आणि दाबून धरले की ते झिजतच असते.

टॅपेट सेटिंग मात्र आपण स्वतः करावे, कोणाकडे देऊ नये. फट १५ थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इंजिन थंड. नऊची रीत आपल्या वडिलांना नक्की ठाऊक असणार: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहावा दाबलेला असताना तिसरा, म्हणजे दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. फिलर गेज ओढताना जो हलका चिकट अडथळा जाणवतो तो पुस्तक वाचून कळत नाही, आणि आपल्या बोटांना तो शाळेपासून माहीत आहे.

एक आवाज ओळखून ठेवावा. चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाच्या बाजूने पेट्रोल पंप "टक-टक-टक" करतो, आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. तो थांबलाच नाही तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा कार्ब्युरेटरमधला पातळी राखणारा तरंगता फ्लोट अडकला आहे. आणि मुळीच वाजला नाही तर पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे स्पर्शबिंदू, चिकटले आहेत. अशा वेळी पान्याच्या मुठीने पंपावर हलकेच ठोकले की तो बहुधा चालू होतो आणि आपण घरी पोहोचतो, पण त्याच आठवड्यात पॉइंट साफ करावेत.

हिवाळ्यात, रस्त्यावर मीठ पडू लागले की, पहिला मोठा पाऊस रस्ते धुऊन काढेपर्यंत गाडी बाहेर काढू नये, आणि काढावी लागली तर त्याच दिवशी खालून पाण्याने धुवावी. घरासमोर उभ्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नये. तिच्याखाली दव कोंडते आणि गंजाला ऊब मिळते. हवा खेळती ठेवणारे कापडी आवरण घ्यावे. उंबऱ्याच्या पोकळीत शरद ऋतूत पातळ मेण फवारून घ्यावे, आणि दारांच्या व उंबऱ्यांच्या तळाशी पाणी निघण्यासाठी ठेवलेली भोके काडीने मोकळी ठेवावीत. रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ असल्याची खात्री नोव्हेंबरपूर्वी करावी. उभ्या उभ्या पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याची सवय नको, त्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच साठते. कोरडा दिवस बघून वीस-पंचवीस मैलांची एक फेरी पंधरवड्याला मारली तर ती गाडी वर्षभर तक्रार करत नाही.

जीटीचा उंबरा जॅकच्या परीक्षेत नापास झाला तर ती सोडावी आणि निराश होऊ नये. इतक्या बनल्या आहेत की दर महिन्याला दुसरी विकायला येते. आपण पाहून आल्यावर तापलेल्या इंजिनाच्या ऑइल प्रेशरचे दोन्ही आकडे, फाइलमधली वेल्डिंगची वर्षे आणि दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटींची छायाचित्रे मला पाठवावीत. किंमत कितीपर्यंत उतरवून मागावी ते ती पाहूनच मी सांगू शकेन.